एन्झायमॅटिक मिथाइल-सेक किट: पिकांच्या डीएनएसाठी घ्यावं का?

डीएनएतल्या सायटोसिनवर (सी या अक्षरावर) कुठे मिथाइल गट लागलाय, म्हणजे मिथिलेशन कुठे आहे, हे वाचायचं न्यू इंग्लंड बायोलॅब्सचं हे किट बायसल्फाइट या रासायनिक पद्धतीपेक्षा महाग आहे, तरी वनस्पतींसाठी आम्ही तेच घ्या म्हणू. बायसल्फाइटमध्ये डीएनएचा चुरा होतो. इथे टेट२ हे एन्झाइम मिथाइल लागलेलं सायटोसिन सुरक्षित करतं आणि उरलेल्याचं अपोबेक हे दुसरं एन्झाइम युरॅसिल करतं (हेच रूपांतर). १० ते २०० नॅनोग्रॅम डीएनए पुरतो. डेटा बायसल्फाइटसारखाच येत असल्याने बिस्मार्क हे विश्लेषणाचं सॉफ्टवेअर तसंच चालतं.

बिघडतं ते बहुधा तीन जागी. डीएनए टीई बफरमध्ये असला की त्यातलं ईडीटीए टेट२ला लागणारं लोह धरून ठेवतं आणि टेट२ अडतं. म्हणून १० मिलिमोलर ट्रिस या ईडीटीए नसलेल्या बफरमध्येच काढा. लोहाचं द्रावण ऐनवेळी पातळ करा (१ मायक्रोलिटरला १,२४९ मायक्रोलिटर पाणी), उरलेलं फेकून द्या. तिसरी जागा सर्वांत नाजूक: डीएनएचे दोन धागे सुटे करायला फॉर्मामाइड घालून ८५ अंशांवर १० मिनिटं झाली की नळी थेट बर्फात. रेंगाळलात तर धागे पुन्हा जुळतात, आणि अपोबेक दुहेरी धाग्यावर काम करत नाही.

प्राण्यांच्या डीएनएत ही अपुऱ्या रूपांतराची चूक खपून जाईल, पिकांत नाही. अराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नमुना वनस्पतीत सीएचएच मिथिलेशन (ज्या सीनंतरची दोन्ही अक्षरं जी नसतात, त्यावरचं) सरासरी १.७ टक्क्यांच्या आसपास असतं. रूपांतर ०.५ टक्का जरी अपुरं राहिलं, तरी मोजलेल्या आकड्यातला जवळपास पाव हिस्सा खोटा ठरतो! रूपांतर न झालेली रीड्स (वाचलेले डीएनएचे तुकडे) गाळणारी चाळणी बिस्मार्कमध्ये आहे, पण तिच्यात खरं दाट सीएचएच मिथिलेशनही वाहून जातं. जपून वापरा.

किटमधल्या मिथिलेशन नसलेल्या लॅम्डा डीएनएवरून रूपांतर किती झालं ते कळतं. पानाच्या नमुन्यात क्लोरोप्लास्टचा जीनोमही त्याच कामाला येतो; फक्त केंद्रकात शिरलेले त्याचे तुकडे मिथिलेटेड असू शकतात, ते वगळा. खरी उणीव दुसऱ्या कंट्रोलची आहे. तो, म्हणजे पीयूसी१९ हा डीएनए, फक्त सीजी जागांवर (सीनंतर लगेच जी) मिथिलेटेड असतो, त्यामुळे सीएचजीचं (मधे जी सोडून दुसरं अक्षर) संरक्षण नीट झालं का, हे त्यावरून कळत नाही. तेलताडाच्या ऊतीसंवर्धित रोपांत फळं विकृत होतात, ती कर्मा या ट्रान्सपोझॉनवरचं (जागा बदलू शकणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावरचं) मिथिलेशन गेल्याने. हे २०१५ साली दाखवलं गेलं. अशी रोपं आधीच निवडून काढायची असतील, तर संरक्षण न झालेलं सायटोसिन मिथिलेशन गेल्यासारखंच दिसतं आणि चांगलं रोप बाद होतं. तिथे प्रत्येक बॅचला माहितीतल्या निरोगी झाडाचा नमुना लावाच.