ऑफव्हाइट, ग्रे, पेस्टल की एक गडद भिंत: फ्लॅटसाठी नेमकं काय घ्यायचं?

घराला रंग काढायचा ठरला की आधी मोबाइलवर फोटो सेव्ह व्हायला लागतात, मग शेड कार्ड घरी येतं, आणि मग ज्याच्या त्याच्या मनात वेगळाच रंग. माझं मत आधीच सांगून टाकते, सुरुवात भिंतीपासून करूच नका, फरशीपासून करा. भिंत चार-पाच वर्षांनी परत रंगवता येते, फरशी कोणी उखडत नाही. आणि बिल्डरच्या कितीतरी फ्लॅटमध्ये त्या क्रीम रंगाच्या दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्सच असतात, म्हणजे अर्धा निर्णय तिथेच झालेला असतो.

आधी पांढरा आणि ऑफव्हाइट बघू, कारण बहुतेक जण इथेच अडकतात. एक कोरा ए-फोर कागद घ्या आणि क्रीम टाइलवर ठेवून लांबून बघा. कागदाशेजारी टाइल एकदम पिवळट, न पुसल्यासारखी दिसते ना? शुभ्र पांढरी भिंत दिली की संपूर्ण हॉलभर हेच होणार, रोज पुसली तरी फरशी मळकीच वाटणार. तिथे पिवळसर झाक असलेला ऑफव्हाइट घ्या, मोतिया, आयव्हरी, दुकानदार जे नाव सांगेल ते, फक्त झाक पिवळी हवी, गुलाबी नको. शुभ्र पांढरा शोभतो तो पांढऱ्या मार्बलवर किंवा फिकट राखाडी टाइलवर आणि भरपूर उजेड असेल तिथे. उजेड कमी आहे म्हणून पांढरा देऊ असं खूप जण म्हणतात, पण समोरच दुसरी बिल्डिंग असलेल्या खोलीत पांढरा उजळत नाही, कोपऱ्यांत उलट राखाडी दिसायला लागतो, कारण परत फेकायला मुळात उजेडच नाहीये. अशा खोलीला अगदी फिकट पिवळा किंवा अबोली जास्त जीव आणतो.

आता ग्रे. फोटोत सगळ्यात छान हाच दिसतो आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त फसवतोही हाच. उत्तरेकडच्या खोलीत थेट ऊन फारसं येत नाही, येतो तो आकाशाचा निळसर उजेड, आणि साधा ग्रे तिथे निळा पडतो. त्यात जुलैचं ढगाळ आकाश आणि वर ६५०० केल्विनची पांढरीफेक ट्यूब, म्हणजे मुंबई-ठाण्यात, कोकणात चार महिने घर उदास वाटणार. तोच ग्रे पश्चिमेच्या खोलीत दुपारनंतरच्या तांबूस उन्हात मऊ आणि सुंदर दिसतो. त्यामुळे ग्रे हवाच असेल तर पश्चिमेला द्या, किंवा मातकट झाक असलेला घ्या आणि दिवे ३००० केल्विनचे पिवळसर लावा. क्रीम टाइल असेल तर माझ्याकडून थंड ग्रेला सरळ नाही, दोघांचं जमत नाही.

पेस्टल म्हणजे आपले पिस्ता, आकाशी, अबोली, बदामी. बेडरूमला, मुलांच्या खोलीला मला हे ग्रेपेक्षा कधीही बरे वाटतात. एकच सांभाळा, कार्डावरचा दोन बोटांचा तुकडा आणि चार भिंती यात फार फरक पडतो, समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग फेकतात आणि तो भडक होतो. म्हणून आवडलेल्या शेडपेक्षा त्याच पट्टीतली एक पायरी फिकी घ्या. पिस्त्याच्या बाबतीत तर नक्कीच, नाहीतर माणसांच्या चेहऱ्यावर पण हिरवट छटा येते.

गडद रंग, मोरपंखी, नेव्ही, गेरूसारखा लाल, हे मला मनापासून आवडतात, पण एकाच भिंतीला, आणि भिंतही नीट निवडून. खिडकी ज्या भिंतीत आहे तिला गडद देऊ नका, खिडकीच्या झगझगाटाशेजारी ती काळी दिसते आणि रंग कळतच नाही. समोरची किंवा बाजूची द्या, तिच्यावर उजेड पडला पाहिजे. कंपन्या शेडबरोबर एलआरव्ही नावाचा एक आकडा देतात, ० ते १०० मध्ये, म्हणजे रंग किती उजेड परत देतो ते, पांढरे साधारण ८० च्या पुढे असतात आणि नेव्ही १० च्या आत, यावरून अंदाज घ्या की चारही भिंती गडद केल्या तर दिवे किती वाढवावे लागतील. खर्चाचंही बघा, गडद शेडला वेगळा बेस (शेड ज्यात कालवतात तो मूळ पेंट) आणि रंगही जास्त लागतो, त्यामुळे ती बऱ्याचदा महाग पडते, दोन हातांत भागेलच असं नाही, आणि पुढे तीच भिंत फिकी करायची तर आधी प्रायमर. शिवाय खुर्ची घासली की आतली पांढरी पुट्टी लगेच दिसते, त्यामुळे डायनिंगच्या मागे नकोच.

फिनिशचं थोडक्यात. भाड्याने द्यायचं घर असेल तर डिस्टेंपर, स्वस्तात होतं, पण घासून पुसता येत नाही. स्वतःच्या घराला इमल्शन. चकाकणारं घेतलं तर हाताचे डाग चटकन निघतात, पण पुट्टी नीट नसेल तर बाजूच्या दिव्यात भिंतीचे सगळे उंचसखल भाग उघडे पडतात. मॅटमध्ये ते झाकलं जातं. म्हणून पॅसेज आणि किचनला चकाकी, हॉल-बेडरूमला मॅट, यात फार विचार करायचं कारण नाही.

गावाकडचं जांभ्याचं किंवा मातीचं जुनं घर असेल तर मात्र हे सगळं विसरा आणि चुनाच काढा, थोडी नीळ घालून. त्या भिंती ओल धरतात आणि सोडतात, वरून इमल्शनसारखा प्लास्टिक पेंट बसला की ओल आत अडकते आणि पोपडे धरतात. चुन्यातून ती बाहेर पडते. टेकलं की कपड्याला लागतो हे खरं, पण दरवर्षी एक हात मारायला खर्चही कमी. फक्त आधी चुना असलेल्या भिंतीवर इमल्शन द्यायचं असेल तर पूर्ण खरवडून काढल्याशिवाय देऊ नका, टिकत नाही.

दोन शेडमध्ये अडकला असाल तर दोन्हीचे सगळ्यात लहान डबे आणा आणि भिंतीवर न मारता जाड ड्रॉइंग शीटवर दोन-दोन हात मारा. इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं, वाळल्यावर एक कणभर गडद होतं, त्यामुळे पूर्ण वाळू द्या. मग शीट फरशीला टेकवून, सोफा आणि पडद्याशेजारी उभी करून सकाळी, चारच्या सुमारास आणि रात्री ट्यूब लावून बघा. संध्याकाळी घरात जास्त असता तर रात्रीचंच मत धरा. आणि दसऱ्याच्या गडबडीत पेंटर लगेच मिळतोय म्हणून ओल असलेल्या भिंतीवर काम सुरू करू नका, पावसाळ्यानंतर भिंत पूर्ण सुकल्याशिवाय यातला कुठलाच रंग टिकणार नाही.