फेब्रुवारीअखेरचं वेझले: एक वाजताचं ऊन चुकवू नका

फ्रान्समधल्या बर्गंडीतलं वेझले उन्हाळ्यात गजबजलेलं असतं. टेकडीवरचं हे गाव खरं भेटतं ते हिवाळा सरताना, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात. जानेवारीत बंद असलेली बरीच उपाहारगृहं तोवर उघडू लागतात आणि गर्दी अजून आलेली नसते.

पॅरिसहून गाडीनं अंतर साधारण २२० किलोमीटर, वेळ अडीच तास. रेल्वेनं बेर्सी स्थानकाहून सेर्मिझेलला उतरावं लागतं. तिथून गाव दहा किलोमीटरवर. ही शेवटची दहाच किलोमीटर घात करतात, म्हणून टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवा, परतीचीसुद्धा. गाडी खालच्या शां-द-फ्वार चौकात लावा. पुढचा दगडी चढ पंधरा मिनिटांचा आहे आणि दगड ओले असतील तर बूट घसरतात.

माथ्यावरची मेरी मॅग्डालीनची बासिलिका, म्हणजे मोठं चर्च, १९७९पासून जागतिक वारसा यादीत आहे. इथे वेळ फार नेमकी साधावी लागते. या दिवसांत सूर्य सर्वांत उंच येतो तो घड्याळात एक वाजता, तोही क्षितिजापासून जेमतेम ३३ अंशांवर. दक्षिणेच्या वरच्या खिडक्यांतून ऊन तिरकं आत येतं. २१ डिसेंबरच्या सुमारास त्याचे कवडसे उत्तरेकडच्या वरच्या स्तंभशीर्षांवर, म्हणजे खांबांच्या कोरीव माथ्यांवर, पडतात, २१ जूनला जमिनीवर मधोमध रांगेनं उतरतात. फेब्रुवारीअखेर ते या दोन टोकांच्या मधे, उत्तरेच्या बाजूनं खाली सरकत असतात. बाराव्या शतकातल्या गवंड्यांचा हिशेब असा भिंतीवर वाचता येतो! आभाळ असेल तर यातलं काही दिसणार नाही; त्यामुळे तारीख हवामान पाहून ठरवा.

प्रवेशमंडपातलं दारावरचं शिल्प मात्र अंधारात असतं. दुर्बीण न्या, म्हणजे पट्टीतले सुपाएवढ्या कानांचे लोक आणि शिडी लावून घोड्यावर चढणारे बुटके दिसतील. आत दक्षिणेच्या बाजूला धान्य दळणाऱ्या, बायबलमधल्या मोझेस आणि पॉल यांचं स्तंभशीर्ष आहे. ते शोधायलाच दहा मिनिटं ठेवा. फरशी बर्फासारखी गार असते. जाड मोजे हवेतच.

जेवणाची अडचण अशी, की स्वयंपाकघरं बारा ते दोनच चालतात आणि ऊन एक वाजताचं. बाराच्या ठोक्याला बसलात तरी घाई होते. त्यापेक्षा ऊन पाहून घ्या आणि भूक पाव-चीजवर भागवा. शाकाहारी लोकांनी ‘अज आं म्यूरेत’पासून सावध राहावं: नाव अंड्यांचं असलं तरी रेड वाइनच्या सॉसमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. ‘गुजेर’ हे चीजचे फुगीर गोळे चालतील. वाइन घेत असाल तर इथलीच पांढरी ‘वेझले’ मागा.

आधुनिक कलेचं झेर्व्होस संग्रहालय मार्चच्या मध्यापर्यंत बंद असतं, ही मोठी खंत. ते रोमाँ रोलाँच्या घरात आहे. गांधीजी, रामकृष्ण आणि विवेकानंदांची चरित्रं लिहिणारा हा लेखक ३० डिसेंबर १९४४ला वेझलेतच वारला. घर निदान बाहेरून तरी बघा.

क्लेर्व्होच्या मठाचा प्रमुख संत बर्नार्ड यानं ११४६मध्ये दुसऱ्या क्रुसेडची, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाची, हाक दिली ते ठिकाण उत्तर उतारावर, ला कोर्देलला आहे. सावलीतली ती वाट चिखलानं निसरडी होते, काठी न्या. सूर्यास्त सव्वासहानंतरचा, साडेचारपर्यंत खाली उतरलात तर परतताना बासिलिकेमागच्या पटांगणावरून क्यूर नदीचं खोरं उजेडात दिसतं.