आयरिश शिक्षकाच्या मुलाखतीसाठी ‘त्यांगलन’: व्याकरणाला भक्कम, परिभाषेला अपुरं

आयर्लंडमध्ये आयरिश शिकवण्याच्या नोकरीसाठी मुलाखत द्यायची, तर पॅनेल काही प्रश्न तरी आयरिशमधून विचारणारच. गेलस्कोलमध्ये, म्हणजे सगळे विषय आयरिशमधून शिकवणाऱ्या शाळेत, संपूर्ण मुलाखतच त्या भाषेत होते असं धरून तयारी करावी. वर्गात काय करायचं हे चांगल्या शिक्षकाला माहीत असतं. अडचण येते ती तेच दडपणाखाली, अचूक रूपांत आणि शाळेच्या परिभाषेत बोलताना. त्या दृष्टीने ‘त्यांगलन डॉट आयई’ हे संकेतस्थळ कितपत कामाचं आहे, ते इथे पाहू.

त्यांगलन फोरस ना गेल्गे या सरकारी भाषासंस्थेचं आहे आणि मोफत आहे. त्यात १९५९चा डी बाल्ड्राहांचा इंग्रजी-आयरिश कोश, १९७७चा ओ डोनलांचा आयरिश-इंग्रजी कोश आणि एक छोटा आयरिश-आयरिश कोश आहे. व्याकरण आणि उच्चार हे दोन वेगळे विभाग आहेत. मुलाखतीसाठी खरी किंमत या दोन विभागांची. अनेक जण कोश उघडतात, शब्द शोधतात आणि बाहेर पडतात. व्याकरणाच्या विभागाकडे ते वळतच नाहीत, आणि मुलाखतीत चुका होतात त्या नेमक्या तिथल्याच.

सगळ्यात जास्त वेळा तोंडी येणारं वाक्य घ्या: ‘आयरिश शिकवताना’. घाईत उमेदवार ‘अग मूने अन ग़ेल्गे’ म्हणतो. हवं असतं ‘अग मूने ना गेल्गे’, कारण अशा क्रियावाचक नामानंतर येणारं निश्चित नाम षष्ठीत जातं. ज्या विषयाची नोकरी मागायची, त्याच्या नावातच ही चूक झाली तर पॅनेलच्या कानाला ती लगेच खटकते. त्यांगलनच्या व्याकरण विभागात नाम टाकलं की एकवचन, अनेकवचन, प्रथमा, षष्ठी अशी सगळी रूपं उपपदासकट समोर येतात. ‘विद्यार्थ्यांमध्ये’ म्हणायचं तर ‘इ म्यॅस्क ना नाल्ती’. मूळ शब्द ‘दाल्ती’, पण षष्ठीच्या अनेकवचनात उपपदानंतर उरू होतो, म्हणजे शब्दाच्या सुरुवातीच्या व्यंजनाचा उच्चार बदलतो, आणि द चा न होतो. नियम पाठ असूनही बोलताना हे निसटतं. म्हणून आपल्या उत्तरांत येणारी वीस-पंचवीस नामं निवडून त्यांची उपपदासह षष्ठी मोठ्याने म्हणत राहणं हा सगळ्यात फळणारा सराव आहे.

क्रियापदांच्या बाबतीत हे स्थळ याहूनही उपयोगी आहे. मुलाखतीतले निम्मे प्रश्न ‘असं झालं तर तुम्ही काय कराल?’ या घाटाचे असतात: मूल आयरिश बोलायला तयार नाही, वर्गात तीन पातळ्यांची मुलं आहेत, पालक भाषेच्या सक्तीवर नाराज आहेत. या प्रश्नांना संकेतार्थात उत्तर द्यावं लागतं, आणि तिथे पहिल्या पुरुषाचा प्रत्यय क्रियापदालाच जोडला जातो. ‘तसं झालं तर मी करेन’मधल्या ‘मी करेन’ला ‘येनहिन’. वेगळा ‘मी’ लागत नाही. भविष्यकाळात उत्तर दिलं तर अर्थ कळतो, पण भाषा कच्ची ठरते. ‘जर’ला ‘डा’ वापरला की पुढच्या क्रियापदाला उरू होतो, तोही विसरतो. त्यांगलनमध्ये प्रत्येक क्रियापदाचा पूर्ण तक्ता आहे. आयरिशमध्ये अनियमित क्रियापदं फक्त ११ आहेत, पण उत्तरांत सतत तीच येतात: करणं, देणं, मिळणं, येणं, जाणं. या अकरांचे संकेतार्थी तक्ते आधी पक्के करावेत. बाकीच्यांना नंतर वेळ द्यावा.

उच्चाराच्या विभागात कॉनक्ट, मन्स्टर आणि अल्स्टर या तीन बोलींतली खऱ्या माणसांची ध्वनिमुद्रणं आहेत. उणीव अशी की ती प्रामुख्याने मूळ शब्दांची आहेत. चालवलेली रूपं ऐकायला सहसा मिळत नाहीत. ‘येनहिन’मधला ह हा लिहिताना फ असतो, हे या विभागातून कळत नाही. ही उणीव ‘अबर’ भरून काढतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने तयार केलेलं हे वाचनयंत्र आहे: अख्खं वाक्य टाका, बोली निवडा, वेग कमी करा आणि ऐका. मात्र तुम्ही चुकीचं लिहिलं तर ते चुकीचंच वाचतं, काहीही सुधारत नाही. म्हणून आधी त्यांगलनवर रूप तपासायचं, मगच अबरवर ऐकायचं. क्रम उलटा झाला की चूकच कानात पक्की बसते.

बोली एकच ठेवावी. डोनेगल, कॉनमारा किंवा केरीच्या गेल्टाक्टमधल्या, म्हणजे आयरिशभाषक भागातल्या शाळेत अर्ज असेल तर तिथली बोली निदान सहज समजायला हवी. त्यासाठी कोशापेक्षा रेडिओ ना गेल्टाक्टा हे आयरिश भाषेतलं रेडिओकेंद्र बरं, कारण त्याचे प्रादेशिक कार्यक्रम त्या त्या भागातून होतात. दुसऱ्या बोलीत उत्तर दिल्याने काही बिघडत नाही. एकाच वाक्यात दोन बोली मिसळल्या की मात्र भाषा कुठेच मुरलेली नाही असं वाटतं.

परिभाषेत मात्र त्यांगलन तोकडं पडतं. इंग्रजी-आयरिश कोश १९५९चा. घरगुती भाषेला, वाक्प्रचारांना तो अजूनही उत्तम आहे, पण ‘आकारिक मूल्यमापन’, ‘समावेशन’, ‘विद्यार्थ्यांचं स्वास्थ्य’ असल्या आजच्या शालेय शब्दांसाठी त्याच्यावर विसंबू नये. त्यासाठी ‘टेर्मा डॉट आयई’ हा राष्ट्रीय परिभाषाकोश आहे. तिथे एका इंग्रजी शब्दाला दोन-तीन आयरिश पर्याय दिसतात, तेव्हा कोणता कुठल्या विषयातला हे आधी पाहावं आणि शिक्षणातला घ्यावा. एवढ्यावर न थांबता अभ्यासक्रमाचा अधिकृत मसुदा आयरिश आणि इंग्रजीत शेजारी शेजारी उघडावा. दोन्ही आवृत्त्या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. मूल्यमापनाला ‘मॅसूनू’, स्वास्थ्याला ‘फुलॉन्ये’ हे शब्द तिथे पूर्ण वाक्यांत सापडतात. वाक्यासकट उचललेला शब्द मुलाखतीत हमखास आठवतो, सुटा पाठ केलेला नाही.

त्याच मसुद्यांतून आशयही पक्का होतो. प्राथमिक शाळेसाठी २०१९चा भाषा-अभ्यासक्रम: मौखिक भाषा, वाचन, लेखन हे तीन धागे. ज्युनियर सायकलला, म्हणजे माध्यमिक शाळेच्या पहिल्या टप्प्याला, २०१७पासून दोन आराखडे आहेत, आयरिश माध्यमाला टी-१ आणि इंग्रजी माध्यमाला टी-२. आपण अर्ज केलेली शाळा कोणत्यात बसते हे न तपासता गेलात तर पुढचं सगळं उत्तर घसरतं. लिव्हिंग सर्टला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेला, तोंडी परीक्षेचं वजन ४० टक्के आहे: ६००पैकी २४० गुण. त्यात स्वागत ५, कवितावाचन ३५, चित्रमालिका ८० आणि संभाषण १२०. ‘वर्गात बोलणं कसं वाढवाल?’ या प्रश्नाला हे आकडे धरून उत्तर दिलं, संभाषणाला निम्मं वजन आहे म्हणून आठवड्यातला किती वेळ कशाला देणार हे सांगितलं, की उत्तराला वजन येतं. ‘खेळ घेईन, गाणी घेईन’ एवढं कोणीही म्हणतं.

यंत्रानुवादाबद्दल एक कळकळीची सूचना. उत्तरं इंग्रजीत लिहून यंत्राकडून आयरिश करून घेऊ नयेत. वाक्यं लांबतात, षष्ठी बिघडते, आणि पॅनेलने उलटप्रश्न केला की पाठांतर उघडं पडतं. त्याऐवजी प्रत्येक अपेक्षित प्रश्नासाठी फक्त चार क्रियापदं आणि चार नामं कागदावर लिहावीत, त्यांची रूपं त्यांगलनवर तपासावीत, आणि कागद उलटा ठेवून दोन मिनिटं बोलून फोनवर ध्वनिमुद्रण करावं. ऐकताना एका वेळी एकच गोष्ट तपासावी: पहिल्यांदा संकेतार्थ, दुसऱ्यांदा उरू आणि शेवू (सुरुवातीचं व्यंजन मवाळ होणं), तिसऱ्यांदा वेग. सगळं एकदम तपासायला गेलं की काहीच हाती लागत नाही.

आपली पातळी अजमावायची असेल तर मेनूथ विद्यापीठाच्या टीईजी या आयरिश भाषाप्रावीण्याच्या परीक्षेच्या नमुना प्रश्नपत्रिका पाहाव्यात. पातळ्या ए-१पासून सी-१पर्यंत आहेत. बी-२चं ऐकणं जड जात असेल, तर मुलाखतीचे प्रश्न पहिल्याच झटक्यात कळतील याची खात्री धरू नये. प्रश्न पुन्हा विचारण्याची विनंती आयरिशमध्येच करण्याचा सरावही करून ठेवावा.

त्यांगलनच्या व्याकरण विभागाला पाचपैकी पाच, उच्चाराला साडेतीन, कोशांना चार. आजच्या शालेय परिभाषेला दोनपेक्षा जास्त देता येत नाहीत, आणि टेर्मा शेजारच्या टॅबमध्ये उघडं असेल तर त्याची झळही लागत नाही. आयरिशचा पाया असलेल्याला मुलाखतीआधीचे तीन आठवडे यावर छान निभावतील. अजून साधा वर्तमानकाळ अडखळत असेल त्याला मात्र हे तक्ते ओझं वाटतील. त्याने आधी एखाद्या वर्गात बसून बोलायला शिकावं.