गाडीच्या आतला उजेड: तयार पट्टी, सुटे एलईडी की रंग बदलणारी पट्टी?

पायाकडे, डॅशबोर्डखाली किंवा दाराच्या कप्प्यात स्वतः उजेड बसवायचा तर तीन पर्याय आहेत. बहुतेक जण भावावरून ठरवतात. खरं तर ठरवायला हवं व्होल्टेजवरून. इंजिन बंद असताना बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास असते, आणि अल्टरनेटर फिरू लागला की तोच आकडा १४.४ पर्यंत चढतो.

१२ व्होल्टची तयार पट्टी सगळ्यांत सोपी. तिच्या प्रत्येक तुकड्यात तीन पांढरे एलईडी आणि एक रेझिस्टर असतो. एका एलईडीला साधारण ३.२ व्होल्ट लागतात, तिघांना मिळून ९.६. बाराला रेझिस्टरवर २.४ व्होल्ट उरतात, १४.४ ला ४.८. म्हणजे व्होल्टेज वीस टक्के वाढलं की करंट दुपटीजवळ जातो. घरात नीट चालणारी पट्टी गाडीत तीन-तीन दिव्यांच्या गटाने लुकलुकत विझते ती यामुळेच. त्यात उन्हात उभ्या गाडीची उष्णता असते ती वेगळीच.

यावर उपाय म्हणजे मध्ये एलएम २९४० हा १२ व्होल्टचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग. तो १ अँपिअर देतो. २८३५ एलईडीची (हे आकडे एलईडीच्या आकाराचे, २.८ × ३.५ मिमी), मीटरला ६० दिवे असलेली पट्टी मीटरला ४.८ वॉट, म्हणजे ०.४ अँपिअर घेते, त्यामुळे दोन मीटर आरामात चालते. तेव्हा रेग्युलेटरमध्ये जवळपास दोन वॉट उष्णता होते, म्हणून हीटसिंक हवाच. आउटपुटच्या पायाला चिकटून किमान २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, नाहीतर आउटपुट स्थिर राहत नाही. त्याच्याऐवजी स्वस्तातला ७८१२ हा रेग्युलेटर लावू नका. त्याला इनपुटवर १२ पेक्षा सुमारे दोन व्होल्ट जास्त लागतात, त्यामुळे इंजिन बंद केलं की उजेड मंदावतो. ५०५० या मोठ्या एलईडीची पट्टी मीटरला १४.४ वॉट खाते, तिला हा रेग्युलेटर पुरत नाही.

चार-सहा ठिकाणी थोडाथोडा उजेड पुरणार असेल तर सुटे ५ मिमी एलईडी उत्तम, आणि इथे रेग्युलेटरही लागत नाही. मात्र मालिकेत तीन नको, दोनच घ्या. दोन एलईडी आणि ५६० ओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर धरला तर १२ व्होल्टला १० मिलिअँपिअर आणि १४.४ ला १४ वाहतात. तीन एलईडी आणि ३३० ओहम लावले तर हाच आकडा ७ वरून साडेचौदावर जातो, आणि इंजिन चालू-बंद होताना उजेडातला फरक डोळ्याला दिसतो. दोनच्या जोडीत थोडी वीज रेझिस्टरमध्ये वाया जाते, पण ती नगण्य आहे.

डब्ल्यूएस २८१२बी ची रंग बदलणारी पट्टी दिसते देखणी, पण काम सर्वांत जास्त तिचंच. तिला ५ व्होल्ट लागतात. पूर्ण पांढऱ्यात एक दिवा ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो, म्हणजे ३० दिव्यांना १.८ अँपिअर. गाडीचं व्होल्टेज पाचवर उतरवणारं एलएम २५९६ चं मॉड्यूल इतकं देतं, आणि त्याची इनपुटची मर्यादा ४० व्होल्ट आहे. गाडीतले झटके अडवायला इनपुटवर १.५केई२७ए हा टीव्हीएस डायोड लावा. पट्टीच्या सुरुवातीला १००० मायक्रोफॅरड आणि डेटाच्या वायरीत ३३० ओहम हवेत. पट्टीला रंगांचे आदेश देणारा कंट्रोलर ३.३ व्होल्टचा असेल तर मध्ये सिग्नलचं व्होल्टेज वाढवणारी ७४एएचसीटी१२५ ही चिप घाला. ती नसेल तर पहिलाच दिवा भलते रंग दाखवू शकतो. मधला एक दिवा मेला की पुढचे सगळे बिघडतात, तेव्हा बदलता येईल अशाच जागी लावा. विझलेल्या अवस्थेतही प्रत्येक दिवा मिलिअँपिअरच्या घरात करंट ओढत राहतो. म्हणून वीज नेहमी चावी फिरवल्यावर चालू होणाऱ्या लाइनवरूनच घ्या. प्रोग्रॅमिंगची आवड नसेल तर हा पर्याय सोडून द्या.

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला हे सगळे भाग मिळतात.

जोडणीचं काम तिन्हींत एकच. मूळ वायर कापायची नाही, फ्यूज बॉक्समध्ये फ्यूज टॅप (जुन्या फ्यूजच्या जागी बसून नव्या वायरीला वेगळा फ्यूज देणारा जोड) लावायचा आणि त्यात २ अँपिअरचा फ्यूज. टॅप उलटा बसला तर नवा करंट जुन्या फ्यूजमधूनही जातो, म्हणून आधी मल्टिमीटरने पुरवठ्याची बाजू शोधा. रूफ लाइटवरून वीज घेणार असाल तर जपून. कित्येक गाड्यांत दाराचा स्विच अर्थच्या बाजूला असतो, तिथे तुमची निगेटिव्ह बॉडीला दिली की दिवा कायम पेटलेला राहतो. जिथे रूफ लाइट हळूहळू मंदावत विझतो, तिथे वीज तुकड्यातुकड्याने येते आणि त्या लाइनवर रेग्युलेटर लुकलुकतो. पिवळ्या कनेक्टरच्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांच्या शेजारूनही वायर नेऊ नका. पट्टी चिकटवण्याआधी प्लॅस्टिक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. डॅशबोर्ड पॉलिशचा तेलकट थर राहिला तर पहिल्याच उन्हाळ्यात ती पेडलच्या बाजूला लोंबू लागते, म्हणून ड्रायव्हरच्या बाजूला चिकटपट्टीसोबत केबल टायही बांधा.