जखमेच्या जंतूंवर प्रकल्प: लसूण, हळद की दारुहळद?

प्रकल्पासाठी वनस्पती निवडताना बहुतेकांचा हात आधी कडुलिंबाकडे जातो. त्यावर इतकं काम होऊन गेलंय की नवा प्रश्न शोधतानाच दमछाक होते, म्हणून तो इथे बाजूला ठेवते. उरलेल्या तिघांना तोलायचं ते जखमेत हमखास भेटणाऱ्या दोन जंतूंसमोर: स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा.

प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या आगर या जेलीच्या बशीत, लसूण सगळ्यांत देखणी. पाकळी ठेचली की अलिनेज हे विकर ॲलिसिन तयार करतं. ते १९४४ साली वेगळं काढलं गेलं. पण ते टिकत नाही, आणि अर्क उकळून काढलात तर विकरच निकामी होतं. शिवाय ठेचलेली लसूण त्वचेवर बांधून भाजल्यासारखे फोड आल्याच्या नोंदी आहेत. तीन आठवड्यांत ठळक झोन, म्हणजे अर्काभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ, हवा असेल तर खुशाल घ्या. जखमेवरच्या औषधाचं स्वप्न मात्र तिच्याकडून पाहू नका.

हळदीचं नेमकं उलट. करक्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, आगरात पसरत नाही, म्हणून झोन लहान येतो. एवढ्यावर तिला नापास करणं अन्यायाचं आहे. द्रव माध्यमात एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारं सर्वांत कमी प्रमाण, काढा. तिथे पिवळा रंग गढूळपणाचं, म्हणजे जंतू वाढल्याच्या खुणेचं, वाचन बिघडवतो. मग त्यातला थेंब ताज्या प्लेटवर टाकून जंतू खरंच मेलेत का ते बघा. करक्युमिन उजेडातही खराब होतं, तेव्हा बाटलीला फॉइल गुंडाळा.

माझं मत दारुहळदीला, म्हणजे बर्बेरिस वंशातल्या झुडपाला. तिच्यातलं बर्बेरिन जंतूंना मारू शकतं, पण स्टॅफिलोकोकस नॉर-ए नावाच्या पंपाने ते बाहेर फेकतो. गंमत अशी की याच वंशातल्या काही झुडपांत हा पंप अडवणारं दुसरं संयुग सापडलं. ते एकटं जंतूला फारसं काही करत नाही, बर्बेरिनची ताकद मात्र वाढवतं. हे २००० साली प्रसिद्ध झालं. म्हणजे तुमच्यापुढे आयता प्रश्न: तितकंच बर्बेरिन असलेला पूर्ण अर्क आणि शुद्ध बर्बेरिन, यांत कोणाची एमआयसी कमी? उत्तर ‘फरक नाही’ आलं तरी ते लिहिण्याजोगं आहे.

खोड्या हिच्यातही आहेत. रंग पिवळाच. दारुहळद म्हणून कोसिनियम या वेलीची खोडं दिली जातात आणि त्यांतही बर्बेरिन असतं, त्यामुळे केवळ बर्बेरिनच्या चाचणीवर ओळख पटवू नका. नमुना वनस्पतिशास्त्रज्ञाला दाखवा. आणि स्यूडोमोनासपुढे फार आशा ठेवू नका: बाहेरचं पटल आणि स्वतःचे पंप, दोन्ही त्याच्या बाजूने.

कोणतीही निवडलीत तरी अर्क ज्या द्रावकात विरघळवलात त्या नुसत्या डीएमएसओचा किंवा इथेनॉलचा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, ठेवा. कच्च्या अर्काची एमआयसी मिलिलिटरला १ मिलिग्रॅमच्या वर गेली, तर प्रबंधात ‘प्रभावी’ हा शब्द वापरू नका.