मिवानच्या भिंती, दोन ड्रिल मशीन आणि आम्ही दोघं (सहा महिने वापरून)

आधीच सांगते, ठाण्यात घोडबंदर रोडला नवीन टॉवरमधे राहायला गेला असाल आणि सेलमधे ती शंभर पीसची ड्रिल किट बघून हात शिवशिवत असतील तर जरा थांबा. मी नाही थांबले. २४०० रुपये गेले. कंपनीचं नाव घेत नाही, कारण खरं म्हणजे मशीन वाईट नव्हतंच, ते आमच्या भिंतीसाठी नव्हतं एवढंच, पण ही गोष्ट विकणारा कुठेच सांगत नाही म्हणून हा रिव्ह्यू.

आम्ही आधी नौपाड्यात भाड्याने होतो, जुनी बिल्डिंग, विटांच्या भिंती, वर ऐसपैस माळा. काही टांगायचं तर खिळा घ्यायचा, वरवंट्याने दोन ठोके दिले की काम झालं. इथे कासारवडवलीला आल्यावर पहिल्याच दिवशी देवाच्या कॅलेंडरसाठी नवऱ्याने खिळा ठोकला, तो वाकला, दुसरा वाकला, तिसरा टणकन उडून फ्रीजखाली गेला आणि अजून तिथेच आहे. खालच्या सिक्युरिटीवाल्या काकांनी सांगितलं की ताई ही मिवानची बिल्डिंग आहे. म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटचे ओततात, वीट नाही, प्लास्टर नाही, सरळ काँक्रीटवर पुट्टी आणि रंग. मजबूत वगैरे सगळं ठीक आहे हो, पण टॉवेल कुठे अडकवायचा?

ही नुसती टॉवेलची गोष्ट नव्हती. शिफ्टिंगचे ११ खोके हॉलमधे तसेच पडून होते, कारण फळ्या लागल्याशिवाय सामान लावता येईना आणि सामान लागल्याशिवाय काय ठेवायचं काय काढायचं ते कळेना. नव्या घरात माळा नाही. खिडकीला पडद्याऐवजी बेडशीट. भोकं पाडून देणारा एक माणूस मिळाला, भोकाला १०० रुपये, आणि तीन शनिवार तो "निघालोच मॅडम, मेट्रोच्या कामात अडकलोय" म्हणत राहिला. घोडबंदरला राहणाऱ्याला यावर भांडताही येत नाही, खरं असू शकतं. म्हणून मी स्वतःच मशीन मागवलं.

तर पहिलं मशीन. ५५० वॅटचं इम्पॅक्ट ड्रिल, १३ मिमीचा चक (बिट पकडणारा जबडा), डब्यात पक्कड, हातोडी, टेप, हजार स्क्रू. दिसायला एकदम झकास. शनिवारी सकाळी १० वाजता (आमच्या सोसायटीत ड्रिलिंग सोमवार ते शनिवार १० ते १ आणि ४ ते ६, रविवारी बंद, आणि आम्ही दोघं नोकरीवाले, म्हणजे आठवड्याला पाच तासच) पडद्याच्या रॉडसाठी सुरुवात केली. पहिले अर्धा सेंटीमीटर मस्त गेलं, ती पुट्टी होती. पुढे नुसती किंकाळी. नवरा मागून "अगं जोर लाव", मी जोर लावतेय, बिट (भोक पाडणारी पुढची सळी) तापून निळं पडलं, त्याचं कार्बाइडचं टोक झिजून गोल झालं, वीस मिनिटात एक सेंटीमीटर. खालच्या मजल्यावरून इंटरकॉम आला. मग नवऱ्याने मशीन घेतलं, त्याच्या हातून अजून एक बिट गेलं आणि त्या दिवशी आम्ही जेवेपर्यंत एकमेकांशी बोललो नाही.

कारण नंतर समजलं. इम्पॅक्ट ड्रिलमधे दात असलेल्या दोन चकत्या एकमेकींवर घासून टकटक करतात, मिनिटाला चाळीस-पन्नास हजार ठोके, पण ठोका अगदीच हलका, आणि जो काही आहे तो तुम्ही दाबाल त्या जोरावर. विटेला पुरतो, काँक्रीटला गुदगुल्या. काँक्रीटला लागतं रोटरी हॅमर. त्याच्यात आत पिस्टन असतो, तो हवा दाबतो आणि त्या हवेच्या जोरावर ठोका बसतो, ठोके मिनिटाला चार-पाच हजारच पण प्रत्येक ठोका दणदणीत. तुम्ही जोर लावायचाच नाही, फक्त धरून ठेवायचं. हे मला नागदेवी स्ट्रीटच्या, म्हणजे मुंबईतल्या हत्यारांच्या बाजारातल्या, एका दुकानदाराने दोन वाक्यात सांगितलं. ठाण्याहून मशीद बंदरला लोकलने जाऊन हत्यारं बघून घेणं हा अख्खा दिवसाचा कार्यक्रम आहे, पण हातात धरून वजन बघता येतं, आणि ते बघाच.

दुसरं मशीन तिथूनच घेतलं, ८०० वॅट, २६ मिमीवालं (काँक्रीटमधे तेवढ्या जाडीपर्यंत भोक पाडणारं), एसडीएस प्लस (म्हणजे बिट ढकलून बसवायची सोय), ५६०० रुपये. पेटी, साइड हँडल, भोकाची खोली मोजायचा दांडा आणि मोटरचे जास्तीचे कार्बन ब्रश सोबत. (कार्बन झिजले की मशीनमधून ठिणग्या जास्त दिसायला लागतात, तेव्हा दोन्ही एकदम बदलायचे.) बिटाला चावी लागत नाही, मागचा खाचांचा भाग ढकलला की टक करून बसतो, तिथे जरासं ग्रीस लावायचं. आधीच्या किटमधली बिटं याला चालत नाहीत, हा वेगळा खर्च धरा, ६, ८ आणि १० मिमी घेऊन ठेवा.

आणि काय सांगू, पहिलं भोक बारा सेकंदात. मी मोजले. मशीन बंद केल्यावर नवरा म्हणाला "झालं?", आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याचेच ५६०० वसूल.

वजन तीन किलोच्या आसपास, स्टुलावर उभं राहून डोक्याच्या वर धरायचं तर खांदे भरून येतात. सिलिंगच्या पुलीवाल्या कपडे वाळत घालायच्या स्टँडसाठी चार भोकं पाडली तेव्हा मधे दोनदा चहा घ्यायला लागला. आवाज भयानक आहे, कानात इअरप्लग घाला. काँक्रीटमधली लोखंडी सळई लागली तर कळतं, आवाज बदलतो आणि बिट पुढे जात नाही, तेव्हा हट्ट करू नका, इंचभर बाजूला सरका. एकदा माझं बिट सळईत अडकलं तर आतला क्लच टर्रर्र करून सुटला, नाहीतर मनगट गेलं असतं. क्लच आहे का हे विचारूनच घ्या.

धूळ. यावर वेगळा अध्याय होईल. काँक्रीटची धूळ करडी, पिठासारखी बारीक, आणि छातीला वाईट, म्हणून कोविडमधले उरलेले एन-९५ मास्क कामाला आले. जुना प्लॅस्टिकचा बॉल अर्धा कापून बिटावर ओवला की छताची धूळ त्यात पडते. भिंतीला मी भोक पाडते आणि नवरा खाली व्हॅक्युमची नळी धरून उभा, ही वाटणी आता पक्की आहे. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी हे दृश्य बघितलं, काही बोलल्या नाहीत, फक्त पदर नाकाला लावून आत गेल्या. जाताना मात्र मला म्हणाल्या, "आमच्याकडे पण ये गं एकदा मशीन घेऊन."

गेले. आणि तिथे चुकले. त्यांची जुनी विटांची भिंत, मी तोच हॅमर मोड लावला आणि ८ मिमीच्या भोकाच्या जागी पुरणपोळीएवढं प्लास्टर खाली आलं. तिथे ते २४००वालं मशीन लोण्यात सुरी फिरवावी तसं चाललं! म्हणून भिंत आधी ओळखा: लाल भुकटी आली तर वीट, कडक करडी तर काँक्रीट, आणि भसाभसा पांढुरकी मऊ आली तर हलके ब्लॉक, त्यात हॅमर अजिबात लावू नका, भोक मोठं होऊन गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवायचा तुकडा) गोल फिरत राहते. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि बाथरूममधे नळाच्या रेषेत मशीन लावायचंच नाही. टाइल्सवर हॅमर बंद, चिकटपट्टी लावून हळू, टाइल पार झाली की मग हॅमर.

खोके? पॅसेजमधे दरवाजावर लांब फळी लावली, तोच आमचा माळा. ११ पैकी ७ खोके त्यावर मावले आणि उरलेल्या चारांवरून खरी भांडणं झाली. त्याच्या वायरींचा खोका, ज्यात ज्या फोनचे चार्जर आहेत ते फोन २०१५ सालीच गेले, आणि माझी लग्नातली नाव घातलेली स्टीलची भांडी, ज्यात दोन कळशा आहेत आणि घरात चोवीस तास पाणी. भंगारवाल्याला सिक्युरिटी आत सोडत नाही. वायरी गेल्या, कळशा राहिल्या, असं का ते विचारू नका.

स्टार द्यायचे तर किटला विटांच्या घरासाठी चार, मिवानसाठी एक. रोटरी हॅमरला साडेचार, अर्धा वजनाचा कापला. महिन्यातून दोनतीन शेजारी मागायला येतात, आम्ही मशीन देतो पण बिटं देत नाही.

फक्त आरसा राहिलाय. नवऱ्याच्या उंचीला लावला तर मला माझा भांगच दिसतो, माझ्या उंचीला लावला तर त्याला वाकून दाढी करायला लागते. पेन्सिलच्या दोन खुणा भिंतीवर आहेत, आरसा खाली टेकवून ठेवलाय, आणि उद्या शनिवार आहे.