हिरवी वाट की वाहतुकीचा मार्ग: हरकत नोंदवण्यापूर्वी

इंदूरमध्ये 31 मे 2025 रोजी गांधीनगरपासून सुपर कॉरिडॉरवर सुमारे सहा किलोमीटर मेट्रो सुरू झाली, आणि तिचे पुढचे टप्पे आता दाट वस्तीच्या, जुन्या शहराकडे येत आहेत. अशा वेळी नदीकाठच्या, बागेलगतच्या किंवा जुन्या रुळांशेजारच्या चालण्या-सायकलीच्या वाटेवरून एखादा मार्ग प्रस्तावित झाला, तर रहिवासी संघाने काय मत द्यावे, याचा हा विचार आहे. सार्वजनिक वाहतूक हवीच, हे मी गृहीत धरतो. प्रश्न तिच्या जागेचा आहे.

पहिला पर्याय, मार्ग हिरव्या पट्ट्यातूनच नेण्याचा. तो वारंवार पुढे येतो, कारण तिथे कोणाचे घर पाडावे लागत नाही, भूसंपादनाचा मोबदला द्यावा लागत नाही आणि दुकानदारांचा मोर्चाही निघत नाही. पुण्यात वनाज–रामवाडी मेट्रोचा काही भाग मुठेच्या पात्रालगत गेला, तेव्हा हे प्रकरण हरित न्यायाधिकरणापर्यंत पोहोचले होते. नकाशावर खांबाचा ठिपका लहान दिसतो. प्रत्यक्षात पायाचे खोदकाम, क्रेन आणि सामानाची ने-आण यांना त्याच्या कितीतरी पट रुंदी लागते, आणि झाडे बहुधा त्या रुंदीत जातात.

दुसरा पर्याय, दोन्ही शेजारीशेजारी ठेवण्याचा, कागदावर सर्वांत समंजस वाटतो आणि म्हणूनच तो अधिक बारकाईने तपासावा लागतो. अमेरिकेत मेरीलँडमधील बेथेस्डा ते सिल्व्हर स्प्रिंग ही जुन्या रेल्वेमार्गावरील झाडीतली वाट 2017 मध्ये पर्पल लाइन या हलक्या रेल्वेसाठी बंद झाली. रुळांशेजारी नवी पक्की वाट देण्याचे ठरले होते. ती रेल्वे 2022 मध्ये सुरू होणे अपेक्षित होते, आता 2027 च्या अखेरीचा अंदाज आहे. वाट बंद झाली तेव्हा दहा वर्षांचा असलेला मुलगा तोवर वीस वर्षांचा होईल, आणि नव्या वाटेवर सावली धरायला आणखी काही वर्षे जातील.

याच पर्यायाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. अमेरिकेतील अटलांटा शहरातील बेल्टलाइन ही सुमारे 35 किलोमीटरची वर्तुळाकार वाट 1999 मधील रायन ग्रॅव्हेल यांच्या विद्यापीठीय प्रबंधातून आली, आणि त्या मूळ कल्पनेतच रेल्वेमार्ग होता. त्यामुळे 2025 मध्ये महापौरांनी ईस्टसाइड ट्रेल या तिच्या एका भागावरील नियोजित ट्रामचा पाठिंबा काढून घेतला, तेव्हा ट्रामसमर्थकांना तो वचनभंग वाटला, आणि त्यात तथ्य आहे. म्हणून आपल्याकडेही पट्टा मास्टर प्लॅनमध्ये कशासाठी राखलेला आहे, हे आधी पाहावे. तो वाहतुकीसाठीच राखलेला असेल, तर आपली बाजू तितकीशी भक्कम राहत नाही.

तिसरा पर्याय, मार्ग रस्त्याच्या रुंदीतून किंवा जमिनीखालून नेण्याचा, मला सर्वांत योग्य वाटतो. पॅरिसमध्ये बास्तीय–व्हँसेन मार्ग 1969 मध्ये बंद झाला, कारण त्याचा शहराबाहेरचा भाग नव्या भूमिगत मार्गाला जोडला गेला. शहरातील उरलेल्या रुळांच्या जागी साडेचार किलोमीटरची बाग आणि पायवाट झाली, जिचे काम 1993 मध्ये पूर्ण झाले. भूमिगत मार्ग मात्र आपोआप निरुपद्रवी ठरत नाही. स्थानकासाठी बहुधा वरूनच खोदावे लागते, आणि रीगलजवळच्या राणी सराईतील झाडे व पोपटांची वस्ती यांसाठी इंदूरकर उभे राहिले, ते याच कारणाने.

रस्त्याच्या बाजूने आणखी एक कारण आहे, आणि मला ते निर्णायक वाटते. इंदूरमध्ये निरंजनपूर ते राजीव गांधी चौक हा साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस मार्ग, म्हणजे रस्त्यामधली फक्त बसगाड्यांसाठी राखलेली मार्गिका, 2013 मध्ये सुरू झाला आणि 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या परवानगीने तो काढण्याचा निर्णय झाला. तो निर्णय बरोबर की चूक, यावर मतभेद आहेत. पण रेलिंग आणि बसथांबे निघाले की त्या मार्गिकेवर पुन्हा इतर वाहने जाऊ शकतात. तोच प्रयोग वडा-पिंपळांच्या रांगेत झाला असता, तर बारा वर्षांनी मत बदलूनही ती रांग परत मिळाली नसती.

म्हणून हरकतीच्या अर्जात केवळ ‘झाडे वाचवा’ एवढेच लिहू नये. कामाच्या काळात एकूण किती मीटर रुंदी घेरली जाईल, प्रत्येक झाडाची जात व बुंध्याचा घेर यांची यादी कुठे पाहता येईल, वाट किती महिने बंद राहील आणि तेवढ्या काळात शाळेला सायकलने जाणाऱ्या मुलांना कोणता सुरक्षित रस्ता मिळेल, याची लेखी उत्तरे मागावीत.